वहीतले शब्द आणि वादातले शब्द: गिरणगावातल्या एका अभ्यासिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळच्या पट्ट्यात बऱ्याच मंडळांच्या स्वतःच्या अभ्यासिका आहेत. घरात एकच खोली, तिच्यात टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाक. मग मुलाला रात्री पुस्तक उघडून बसायला कुठेतरी ट्यूबलाइट आणि पंखा हवा. त्या एवढ्या साध्या गरजेतून निघाल्या. हे प्रकरण अशाच एका अभ्यासिकेतलं. रविवारी सकाळी तिथे अकरावीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई एका खाजगी कंपनीत नोकरी करतात आणि वर्ग विनामूल्य घेतात; मुलं त्यांना ‘ताई’ म्हणतात, म्हणून इथेही ताईच. मी मागच्या बाकावर बसून नोंदी ठेवत होतो. मुलांची नावं दिलेली नाहीत, ती राहतात त्या भागावरून त्यांचा उल्लेख केला आहे, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

मुलं जवळपास सगळी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, काही सेमी इंग्रजीची. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात, कॅप राउंडमध्ये, जे कॉलेज लागलं ते घेतलं आणि पहिल्याच आठवड्यापासून फिजिक्स ते अकाउंट्स सगळं इंग्रजीतून सुरू. गणित-विज्ञान आधीपासून इंग्रजीत शिकलेली सेमीची मुलं थोडी सावरलेली होती. बाकीच्यांना वर्गात काय चाललंय ते ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं म्हणायचीही चोरी होती, कारण शेजारच्या बाकावर इंग्रजी माध्यमाचं कोणीतरी बसलेलं असायचं.

अभ्यासिकेची रीत ठरलेली: रोज दहा शब्द. वहीत तीन रकाने, शब्द, उच्चार देवनागरीत आणि मराठी अर्थ. रविवारी चाचणी. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ही रीत स्वतःच्या एमपीएससीच्या तयारीतून आणली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. वह्या खरंच देखण्या होत्या. काहींनी उच्चाराचा रकाना हिरव्या शाईने लिहिला होता.

अडचण

दिवाळीनंतर ताईंच्या लक्षात आलं की चाचणीत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं न पाहिलेल्या उताऱ्यात अडकतात. बारावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० तोंडी आणि अंतर्गत. लेखीत असा उतारा येतोच. काळाचौकीच्या एका मुलीने वहीत ‘रिलक्टंट – नाखूश’ असं लिहिलं होतं, चाचणीत बरोबर आणलं होतं, आणि उताऱ्यात तोच शब्द आला तेव्हा ती थबकली. विचारलं तर म्हणाली, “ताई, हा माझ्या वहीतला आहे, पण इथे काय करतोय ते कळत नाहीये.”

हे तिचं वाक्य मी तसंच टिपून ठेवलं होतं. अडचण पाठांतराची नव्हती, मुलांना पाठ होत होतं. शब्द यादीत भेटला होता, यादीतच ओळखू येत होता. वाक्यात त्याची गाठ पडलीच नव्हती.

ताईंनी ठरवलं की काही आठवडे यादी बाजूला ठेवायची आणि एक अख्खी गोष्ट वाचायची. छोटी, पण मुलांना चीड येईल अशी. निवड झाली कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘हॅरिसन बर्जेरॉन’ची. १९६१ साली एका अमेरिकन विज्ञानकथा मासिकात ती पहिल्यांदा छापून आली. साल २०८१. अमेरिकेच्या राज्यघटनेत २११, २१२ आणि २१३ क्रमांकाच्या दुरुस्त्या होऊन सगळे नागरिक शेवटी ‘समान’ झाले आहेत. कसे? तर जो बलवान त्याच्या गळ्यात बंदुकीच्या छर्र्यांची पिशवी, जी सुंदर तिच्या तोंडावर मुखवटा, आणि जो हुशार त्याच्या कानात रेडिओ. त्यातून दर वीसेक सेकंदांनी असा काही कर्कश आवाज सोडतात की विचाराचा धागाच तुटावा. या सगळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईचं पद ‘हँडिकॅपर जनरल’. धडधाकट, हुशार जॉर्ज आणि सरासरी बुद्धीची, म्हणून कसलंही ओझं नसलेली हेझल या जोडप्याचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळतो, टीव्हीच्या स्टुडिओत शिरतो, अंगावरची ओझी तोडून टाकतो, आणि पुढे जे होतं ते त्याचे आईबाप घरात टीव्हीसमोर बसून बघतात आणि विसरतात. डिस्टोपियन म्हणतात तो हा प्रकार: भविष्यातली अशी व्यवस्था जिचा हेतू कागदावर चांगला आणि अंमल भयंकर.

निवडीचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. गोष्ट सहा-सात पानांत आटोपते, झेरॉक्सचा खर्च मंडळाला झेपतो.

समोरचे पर्याय

गोष्ट हातात पडल्यावर पहिल्याच पानावर मुलांनी पंचवीस-तीस शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. काहींच्या पानावर रेघ नसलेली ओळ शोधावी लागत होती. इथे पहिला खरा निर्णय होता.

सर्वात सोपं म्हणजे जुनीच पद्धत: रेघा मारलेले सगळे शब्द आधी अर्थासकट लिहून द्यायचे, पाठ करून घ्यायचे, मग गोष्ट. मंडळाचे कार्यकर्ते याच बाजूचे होते. “आधी हत्यारं द्या, मग लढाईला पाठवा,” असं त्यांच्यातल्या एकाचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण चाळीस-पन्नास शब्द पाठ होईपर्यंत गोष्ट वाचायची इच्छा कोणाला उरणार?

दुसरी टोकाची वाट म्हणजे अर्थ सांगायचेच नाहीत, संदर्भावरून ओळखू द्यायचे. तिच्या बाजूने नेहमी एक गमतीदार पुरावा दिला जातो, आणि तोही डिस्टोपियन कादंबरीवरचाच. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२ च्या कादंबरीत लेखकाने रशियनवरून बेतलेली टवाळ पोरांची भाषा वापरली आहे. १९७८ साली संशोधकांनी ती कादंबरी इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांना दिली, शब्दांची परीक्षा होणार हे न सांगता. वाचून झाल्यावर त्या बनावट भाषेतले ९० शब्द विचारले; सरासरी तीन चतुर्थांश बरोबर आले. ऐकायला फारच छान. पण त्या कादंबरीत हे शब्द सरासरी पंधराएक वेळा परत परत येतात आणि भोवतालचं सगळं इंग्रजी वाचकाच्या रक्तातलं असतं. १९८९ साली इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांवर त्याच कादंबरीच्या पहिल्या दोन प्रकरणांचा प्रयोग झाला, तेव्हा भर पडली, पण अगदी थोडी. आपली मुलं या दुसऱ्या गटातली. शिवाय शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी सांगतात की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला शंभरातले ९८ शब्द आधीच ओळखीचे लागतात. रेघा मारलेलं पहिलं पान बघता आपण त्याच्या जवळपासही नव्हतो.

तिसरा पर्याय गाईडचा: आधी मराठीत सारांश सांगून टाकायचा. यात मुलं खूश होतात आणि इंग्रजी पान पुन्हा उघडत नाहीत. ताईंनी तो एका वाक्यात निकाली काढला.

उरला तो निवडीचा मार्ग. थोडे शब्द निवडून त्यांच्यावर वेळ घालवायचा, बाकीच्यांचा अर्थ समासात देऊन पुढे जायचं. प्रश्न एवढाच की निवडायचे कोणते. अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत: रोजच्या बोलण्यातले, निरनिराळ्या विषयांच्या पुस्तकांत वारंवार भेटणारे, आणि एखाद्याच विषयाचे किंवा विरळ. शिकवायला फायद्याचा मधला थर. ताईंनी त्याला आपली एक कसोटी जोडली: हा शब्द काढला तर गोष्ट कोसळते का? दोन्ही मिळून आठ-दहा शब्द निघाले. हँडिकॅप, व्हिजिलन्स, विन्स, बर्डन, हिंडर, अनफेअर अ‍ॅडव्हांटेज, क्लॅमी, कॉन्स्टर्नेशन (धास्तावून भांबावणं) असे. बर्डशॉट (त्या पिशवीतले छर्रे), ग्रॅकल वगैरे ‘समासात लिहा आणि सोडा’ या वर्गात गेले.

काय केलं

पहिल्या रविवारी ग्रॅकलवरूनच अडलं. घोषणा करणारी नर्तकी आपला गोड आवाज लपवायला त्या पक्ष्यासारखा आवाज काढते. “काळा, कर्कश ओरडणारा अमेरिकन पक्षी, पुढे चला,” ताई म्हणाल्या. “म्हणजे कावळा?” “कावळा नाही, पण इथे काम भागेल.” निम्म्या वर्गाने तरीही वही काढून तीन रकाने आखायला घेतलेच. सवय अशी जात नाही. ताईंनी वह्या मिटायला लावल्या तेव्हा एक मुलगी जवळजवळ रडकुंडीला आली: “मग लक्षात कसं राहणार?”

‘क्लॅमी’ला एप्रिल महिन्याचं विशेषण म्हणून वापरलं आहे. मुंबईच्या मुलांना दमट हवेबद्दल काय सांगायचं! सगळ्यांचं एकच उत्तर, घामाने चिकचिक. ताईंनी अडवलं: यात थंडपणाही हवा, जुलैत दोरीवर न वाळलेला युनिफॉर्म सकाळी तसाच अंगात घातला की जे वाटतं ते. हसू पिकलं आणि शब्द बसला. ‘व्हिजिलन्स’वर मात्र गाडी रुळावरून घसरली. एका मुलाचे वडील रेल्वेत. त्याच्या घरी ‘व्हिजिलन्सवाले’ म्हणजे लाच पकडणारे. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास दक्षता सप्ताहाचे फलक लागतात तेही त्याने सांगितलं. माहिती बरोबर होती, पण एका खात्याची होती. गोष्टीतली दक्षता डोळ्यांत तेल घालून सतत पाहत राहण्याची आहे. हा फरक ताईंनी तोंडी सांगितला आणि पुढे गेल्या. तो तेवढ्याने पोचला नाही, हे नंतर दिसलं.

दुसऱ्या रविवारी ताईंनी पिशवीतून स्टीलचा डबा आणि मोठा चमचा काढला. फळ्यावर १७ गुणिले २४ लिहिलं, कागद-पेन बंद, मनात करा. आणि दर वीस सेकंदांनी डब्यावर चमचा, ठण्ण! पहिल्यांदा मुलं दचकली, हसली. दुसऱ्यांदा कोणीतरी “अरे यार” म्हणालं. तिसऱ्या वेळी आवाज यायच्या आधीच पहिल्या बाकावरच्या मुलीचे खांदे वर गेले, डोळे घट्ट मिटले, ओठ ताणले गेले. ताई थांबल्या. “थांब, तशीच राहा. सगळ्यांनी हिच्याकडे बघा. दॅट इज अ विन्स.” मग विचारलं, उत्तर किती? एकालाही आलं नव्हतं. डिलाईल रोडचा मुलगा म्हणाला, “चाळीस पंचे कितीपर्यंत आलो होतो, मग उडालं.” चाळीस पंचे या गुणाकारात कुठून आलं ते त्यालाही सांगता आलं नाही. जॉर्जच्या कानातला रेडिओ काय करतो हे वेगळं समजवावं लागलं नाही. वरच्या मजल्यावरून एका आजींनी खाली डोकावून “रविवारचं कसली भांडी वाजवताय रे?” असं विचारलं, तेव्हा वर्ग संपला.

‘हँडिकॅप’चा प्रश्न सर्वात मोठा होता आणि तो ताईंनी सोडवला नाही, त्याच डिलाईल रोडच्या मुलाने सोडवला. सगळ्या वर्गाला तो शब्द लोकलच्या राखीव डब्यामुळे माहीत होता, अपंग किंवा आता दिव्यांग या अर्थाने. मग धडधाकट जॉर्जला ‘हँडिकॅप’ कसं काय देतात? वर्ग चक्रावला. तेव्हा हा मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांकडे रेसचं पुस्तक असतं आणि त्यात हा शब्द पानोपानी असतो. आजोबा गिरणीतून निवृत्त, महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे जुने शौकीन. त्याने जे सांगितलं ते असं: हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, कमी घोड्यावर कमी, म्हणजे शर्यत चुरशीची होते. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराच्या खिशात शिशाचे तुकडे घालतात. आणि कोणत्या घोड्यावर किती हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला काय म्हणतात? हँडिकॅपर!

वर्गात एकदम गलका झाला. जॉर्जच्या गळ्यात कुलूप लावून अडकवलेली पिशवी गोष्टीत ४७ पौंडांची आहे, म्हणजे साधारण २१ किलो. हॅरिसनच्या अंगावर ३०० पौंड, १३६ किलो. छर्रेही शिशाचेच. माणसांना घोड्यांच्या नियमाने पळवताहेत, हे मुलांना एका झटक्यात दिसलं. ताईंनी नंतर मला सांगितलं की त्यांना हा अर्थ माहीत होता, गोल्फचं उदाहरण देऊन त्या तो समजावणार होत्या. गिरणगावात गोल्फने काय डोंबल कळलं असतं!

आरक्षणाचा प्रश्न

तिसऱ्या रविवारी शिवडीच्या मुलाने हात वर न करता विचारलं, “ताई, म्हणजे ही गोष्ट आरक्षणाच्या विरोधात आहे का?”

खोलीत सगळ्या जातींची मुलं होती आणि कॅप राउंड होऊन वर्षही झालं नव्हतं. कोणाला किती टक्क्यांवर कुठलं कॉलेज लागलं हे प्रत्येकाला माहीत होतं. पंख्याचा आवाज येऊ लागला अशी शांतता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णयाचा क्षण होता. ताईंपुढे तीन गोष्टी शक्य होत्या: “आपण शब्द शिकतोय, राजकारण नको” म्हणून गोष्टीकडे वळणं, स्वतःचं मत सांगून विषय मिटवणं, किंवा वाद होऊ देणं. मंडळाची अभ्यासिका, उद्या कोणाच्या घरून तक्रार येणार नाही याची खात्री नाही. पहिला पर्याय घेतला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी वाद होऊ दिला, पण एक कुंपण घालून. फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. गोष्टीत कोणाला काय दिलं? आणि कोणाकडून काय काढून घेतलं? बोलायचं इंग्रजीत, मोडकं चालेल, पण प्रत्येकाने गोष्टीतला किमान एक शब्द वापरायचा.

पहिली दोन-तीन वाक्यं फरफटत आली. मग नायगावची एक मुलगी, आर्ट्सची, उभी राहिली. ती म्हणाली ते वाक्य तिच्याच शब्दांत देतो: “रिझर्व्हेशन डझ नॉट पुट बर्डशॉट ऑन एनीबडी.” मग दम खात, मधेच मराठीत घसरत तिने सांगितलं की गोष्टीत कोणालाही काहीच मिळत नाही, फक्त काढून घेतलं जातं, हेझलला तर काही दिलेलं नाही, बाकीच्यांना तिच्यापर्यंत खाली आणलंय. आपल्याकडे राज्यघटनेत मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करू देणारं कलम १५(४) आलं ते दार उघडायला. ते १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने आलं, हे तिला पाठ होतं.

शिवडीचा मुलगा मागे हटला नाही. “बट फॉर मी इट इज अल्सो अ बर्डन. आय लॉस्ट वन कॉलेज.” त्यावर काळाचौकीची मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली की त्याला नको असलेलं ‘अनफेअर अ‍ॅडव्हांटेज’ बघायचं असेल तर इन-हाउस कोटा बघ, ज्यांची शाळा आणि कॉलेज एकाच संस्थेचं, त्यांना आपोआप राखीव जागा. तिच्या शाळेला कॉलेज नव्हतं. यावर शिवडीचा मुलगा आणि नायगावची मुलगी दोघंही एकदम “करेक्ट” म्हणाले. मग कोणीतरी २०१९ ची १०३ वी दुरुस्ती काढली, आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांची, आणि पुन्हा जुंपली. मराठी घुसलं की ताई फळ्यावरच्या शब्दांकडे बोट दाखवत आणि गाडी परत इंग्रजीवर येई.

ताईंनी निकाल दिला नाही. त्याऐवजी पुढच्या रविवारी अमेरिकेतला एक खटला सांगितला. केसी मार्टिन नावाच्या व्यावसायिक गोल्फपटूला पायाच्या विकारामुळे मैदानभर चालणं अशक्य होतं. त्याने स्पर्धेत गाडी वापरू द्यावी म्हणून दावा केला. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी आपल्या मतपत्राचा शेवट याच गोष्टीच्या पहिल्या वाक्यावर (साल २०८१, आणि सगळे शेवटी समान झाले होते) बेतला होता, फक्त साल २००१ घालून. मुलांना प्रश्न: गाडी मिळाली म्हणजे त्याचं ओझं उतरलं की इतरांवर चढलं? वर्ग पुन्हा दोन गटांत फुटला, पण या वेळी गट वेगळेच पडले. शिवडीचा मुलगा गाडी द्यायलाच हवी या बाजूने हिरिरीने बोलला.

निष्पत्ती

साधारण महिन्याभराने, न सांगता, ताईंनी कोरे कागद वाटले. अर्थ विचारले नाहीत. ही गोष्ट ज्याने वाचलेली नाही अशा मित्राला इंग्रजीत दहा वाक्यांत सांगा, एवढंच.

‘हँडिकॅप’ जवळपास सगळ्यांनी वापरला, ओझं लादणे या अर्थाने, बहुतेकांनी क्रियापद म्हणूनही. ‘अनफेअर अ‍ॅडव्हांटेज’ आणि ‘बर्डन’ बऱ्याच कागदांवर होते. ‘विन्स’ निम्म्यांकडे, आणि ज्यांच्याकडे होता त्यांनी तो अचूक जागी लावला. ‘व्हिजिलन्स’ थोड्यांनी वापरला. त्यातल्या दोघांच्या गोष्टीत हँडिकॅपर जनरलची माणसं लाच पकडायला आली होती. ‘कॉन्स्टर्नेशन’ एकाही कागदावर नव्हता. आणि ‘बर्डशॉट’, जो समासात लिहून सोडायचा ठरला होता, तो बहुतेकांच्या कागदावर होता, स्पेलिंगसकट.

हा शेवटचा तपशील मला सर्वात बोलका वाटतो. आम्ही शब्दांची निवड कसोटी लावून केली आणि कसोटी ठीकच होती. पण नायगावच्या मुलीला वाद घालताना जो शब्द लागला तो तिने उचलला, आणि तिचं वाक्य इतकं जिव्हारी बसलं की तो वर्गाचाच झाला. ‘कॉन्स्टर्नेशन’ची गरज कोणालाच पडली नाही. तो शब्द परीक्षेत शोभतो म्हणून यादीत आला होता, हे ताईही मान्य करतात.

चुकाही झाल्या, पण बऱ्या वाटतील अशा. एकाने उशिरा येण्याचं कारण सांगितलं, “हार्बर लाइन हँडिकॅप्ड मी.” वाक्य खटकतं, पण कुठल्याही वहीत त्याला असं वाक्य सापडलं नसतं.

न पाहिलेल्या उताऱ्याच्या गुणांत मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही. एका सात पानी गोष्टीने तो पडावा अशी अपेक्षाच गैर होती. शंभरातल्या ९८ शब्दांचं गणित बघितलं तर ही वाट कित्येक गोष्टी, कित्येक पुस्तकांची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

‘हँडिकॅप’ हा शब्द वर्गात चार रविवार मोकळेपणाने उधळला गेला. घोडपदेवचा एक मुलगा या काळात फारसा बोलला नाही. त्याची मोठी बहीण रोज त्याच राखीव डब्यातून प्रवास करते, हे ताईंना नंतर कळलं. त्याने तक्रार केली नाही, पण राखीव डब्याच्या उल्लेखावर वर्ग हसला तेव्हा तो हसला नव्हता, हे माझ्या नोंदीत आहे. शब्दाचे दोन अर्थ उलगडण्याआधी त्यातला एक कोणाच्या तरी घरातला आहे का, हे आदल्या आठवड्यात वैयक्तिक विचारून घेणं अवघड नव्हतं. आणि माणसाबद्दल बोलताना आता आपण हा शब्द का टाळतो, एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी हवं होतं.

वादात साधारण एक तृतीयांश वर्ग गप्प होता, आणि महिन्यानंतरचे सर्वात रिकामे कागद बहुतांशी त्याच मुलांचे होते. इथे माझं आणि ताईंचं एकमत नाही. त्यांच्या मते इंग्रजीची सक्ती केली नसती तर शब्द वापरलेच गेले नसते. मला वाटतं, आधी पाच मिनिटं जोडीजोडीने मराठीत बोलू दिलं असतं तर मुद्दा तयार झाला असता आणि मग फक्त शब्द शोधायचे उरले असते. मुद्दा आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शोधायला लावल्यावर जी आधीच बोलकी होती तीच बोलली.

‘व्हिजिलन्स’ला डब्यासारखी काहीतरी कृती हवी होती, नुसता खुलासा पुरला नाही. आणि शब्द पुन्हा भेटवण्याची सोय कोणी केलीच नाही. गोष्ट संपली, शब्द मागे राहिले. यातले चार-पाच शब्द जिच्यात परत येतात अशी दुसरी गोष्ट, निदान वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण, दोन आठवड्यांत द्यायला हवं होतं.

सध्याची स्थिती अशी: मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कागद वाचले, बर्डशॉटवर हसले, आणि रोजचे दहा शब्द चालूच राहतील असं सांगितलं. पालक वही बघतात, वाद बघत नाहीत, हा त्यांचा मुद्दा खोडता आला नाही. ताईंनी वहीतला मराठी अर्थाचा रकाना काढून तिथे ‘हा शब्द कुठे भेटला’ असा रकाना घालायची परवानगी मागितली आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे. दुसऱ्या गोष्टीची झेरॉक्स तोवर काढून ठेवली आहे.